"मला नको ते डबडं": आई, कीमो आणि भावाने आणलेला हेडसेट

पत्र असं आलंय:

"ताई, आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे, वय ६३. कीमोच्या दोन सायकल झाल्या, चार राहिल्यात. दरवेळी चार-पाच तास खुर्चीत बसायचं असतं आणि ती तेवढा सगळा वेळ सलाईनचे थेंब बघत बसते. बोलत नाही, झोपत नाही, फोनला हात लावत नाही. भावाने कुठेतरी वाचलं की व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) हेडसेट लावला की कॅन्सर पेशंटची भीती, दुखणं, मळमळ सगळं कमी होतं, आणि तो लगेच घेऊनच आला. आई म्हणते मला नको ते डबडं. भाऊ म्हणतो पहिल्यांदा बळंच लावू, मग आपोआप आवडेल. दोघंही माझ्या तोंडाकडे बघतायत. खरंच उपयोग होतो का, की नुसतं फॅड आहे? - मधल्यामध्ये अडकलेली लेक"

अगं बाई, बळंच तर अजिबात नाही. बाकीचं सगळं नंतर बोलू, पण हे आधी भावाला सांग, आणि आजच सांग.

कारण बघ, तुझ्या आईचं गेले काही महिने काय चाललंय, तर सुई कुठल्या हाताला, तारीख कुठली, रक्त कधी काढायचं, काय खायचं काय नाही, सगळं दुसरेच ठरवतायत आणि ती बिचारी बरं म्हणत मान डोलावतेय. त्यात हेडसेट ही वस्तू अशी आहे की एकदा डोळ्यांवर चढली की आत चारी बाजूंनी दुसरंच जग दिसतं आणि आजूबाजूचं खरं काही म्हणता काही दिसत नाही, कोण आलं, कोणी हाताला हात लावला, सिस्टर आहे की पोरगी आहे. ज्याला स्वतःहून आत जायचंय त्याला तीच तर मजा वाटते, आणि ज्याला ढकललंय त्याला डोळे बांधल्यासारखं होतं. शिवाय सध्या तिला ठणकावून "नको" म्हणता येईल अशी ही एकच गोष्ट सापडलीये बहुतेक, ती पण काढून घेऊ नका.

आता फॅडचं. फॅड नाहीये, पण भावाने जेवढं वाचलंय तेवढंही नाहीये.

हे सगळं सुरू झालं ते भाजलेल्या पेशंटपासून. १९९६ च्या सुमाराला अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन हे दोघं भाजलेल्या लोकांच्या दुखण्यावर काम करायला लागले. भाजलेली जखम रोज साफ करायची, ड्रेसिंग बदलायचं, आणि कडक पेनकिलर देऊनही पेशंट कळवळायचे. मग त्यांच्यासाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचं एक बर्फाचं जग तयार झालं, बर्फाची दरी, पेंग्विन, स्नोमॅन, आणि पेशंटने बसल्या जागी बर्फाचे गोळे मारत सुटायचं. जखम तीच, औषधं तीच, पण दुखणं कमी जाणवायला लागलं. कारण दुखण्यासाठी सुद्धा मेंदूला लक्ष द्यावं लागतं ना, आणि लक्ष काही पोतंभर नसतं आपल्याकडे, ते बर्फाच्या गोळ्यात अडकलं की जखमेच्या वाट्याला थोडंच उरतं. लहान मुलाला इंजेक्शन देताना आपण समोर खुळखुळा वाजवतो तेच हे, फक्त खुळखुळा चारी बाजूंनी आहे आणि सुई दिसतच नाही.

कीमोच्या खुर्चीत हे वापरून बघितलं ते ड्यूक युनिव्हर्सिटीच्या सुझन श्नायडर यांनी, त्या नर्सिंगमधल्या, म्हणजे खुर्चीशेजारी काय चालतं हे माहीत असलेल्या. त्यांचा २००७ चा अभ्यास तुझ्या प्रश्नाला अगदी चपखल बसतो. ब्रेस्ट, आतडं आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचे १२३ पेशंट होते, एका कीमोला हेडसेट, दुसऱ्या कीमोला नाही, आणि दोन्हींची तुलना. झालं काय तर हेडसेट लावलेल्या दिवशी लोकांना वेळ खूप कमी गेल्यासारखा वाटला, आणि ८२ टक्के लोक म्हणाले परत दिलात तर परत वापरू. पण (हा पण भावाला मोठ्याने वाचून दाखव) थकवा, मळमळ, अस्वस्थपणा अशा त्रासात काहीही फरक दिसला नाही, ना कीमोनंतर लगेच, ना दोन दिवसांनी. म्हणजे हेडसेटने कीमो सुसह्य केली असं म्हणण्यापेक्षा त्याने खुर्चीतले तास आखूड केले असं म्हण. मला विचारशील तर हेही काही थोडकं नाही, चार तासांतला एक तास जरी कुठे गेला कळलं नाही तरी मी तो पदरात पाडून घेईन. पण घरी गेल्यावर मळमळ होणारच नाही असं आईला सांगून तुम्ही हेडसेट लावलात आणि रात्री तिला उलट्या झाल्या, तर तिचा हेडसेटवरचा नाही, तुमच्यावरचा विश्वास जाईल.

दुखण्याचं थोडं वेगळं आहे, तिथे फायदा जास्त दिसतो. अमेरिकेतच हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट असलेल्या १२८ कॅन्सर पेशंटवर एक अभ्यास झाला, २०२४ मध्ये छापून आला, सगळ्यांना बऱ्यापैकी दुखत होतं, अर्ध्यांना १० मिनिटं हेडसेट आणि अर्ध्यांना १० मिनिटं साध्या टॅबलेटवर (गोळी नव्हे, मोठ्या फोनसारखा असतो तो) तसंच शांत करणारं काहीतरी. हेडसेटवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं आणि दुसऱ्या दिवशीही फरक टिकून होता. पण टॅबलेटवाल्यांचं पण कमी झालं गं! थोडं कमी, पण झालं. ही टॅबलेटची गोष्ट लक्षात ठेव, शेवटी लागणार आहे. आणि यातल्या कोणाचंही औषध बंद केलेलं नव्हतं, हेडसेट औषधाच्या जोडीला होता.

जपानमध्ये तर शेवटच्या टप्प्यातल्या २० पेशंटना हेडसेट लावून गुगल अर्थवरून फिरवून आणलं होतं, कोणाला आठवणीतल्या जागी, कोणाला जिथे जायचं राहूनच गेलं तिथे. दुखणं, थकवा, चिंता, सगळ्यांत त्या वेळेपुरता उतार दिसला. पेशंट २०च होते, त्यामुळे त्यावर मी इमले बांधणार नाही, पण अंथरुणावरून उठता न येणाऱ्या माणसाने "आता डावीकडे वळवा" म्हणणं, हे मला फार आवडलं.

आता माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. माझ्या मोठ्या जाऊबाईंना लिम्फोमा झाला होता तेव्हा मीच हौसेने हेडसेट पैदा केला. आणि पहिल्याच दिवशी, कीमो चालू असताना, समुद्राच्या पोटातला व्हिडिओ लावून दिला, रंगीत मासे, कासव, काय सुंदर, मी स्वतः घरी अर्धा तास बघितला होता. फक्त त्यात कॅमेरा सतत पुढे सरकत होता आणि हे माझ्या लक्षातच आलं नाही. सातव्या-आठव्या मिनिटाला त्यांनी हात हवेत धरून चाचपडायला सुरुवात केली, मला वाटलं मासे पकडतायत, मी हसले पण. त्या बिचाऱ्या ट्रे शोधत होत्या. उलटी झाली, हेडसेटवर झाली, साडीवर झाली, आणि मी वर तोंड करून सिस्टरला सांगितलं की कीमोने झालं. कीमोने कसलं, माझ्यामुळे झालं.

होतं काय की डोळे सांगतात आपण पुढे चाललोय आणि कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं आपण खुर्चीत ढिम्म बसलोय, या भांडणात पोट ढवळून निघतं. धडधाकट माणसाला पण होतं, मग जिच्या अंगात आधीच कीमो चालू आहे तिचं काय सांगायचं. म्हणून नियम एकच पाळा, कॅमेरा हलता नको. एका जागी रोवलेला, आपण बसलोय आणि आजूबाजूला पाणी, झाडं, ऊन, ढग जे काय हलायचं ते हलू दे, आपण नाही हलायचं. रोलर कोस्टर, विमान, धावणं, उडणं सगळं बाद. आणि पहिला प्रयोग कीमोच्या दिवशी तर नकोच, दोन सायकलच्या मधल्या एखाद्या बऱ्या दिवशी, घरी, रिकाम्या पोटी नाही आणि भरल्या पोटी पण नाही, पाच मिनिटं. गरगरलं, घाम आला, तोंडाला पाणी सुटलं की लगेच काढायचं, "थोडं थांब सवय होईल" हे वाक्य घरात कोणी उच्चारायचं नाही.

अजून एक गोष्ट आहे, ती यंत्र विकणारे सांगत नाहीत आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. कीमोची काही औषधं, ब्रेस्ट कॅन्सरमध्ये दिलं जाणारं ते लाल औषध त्यातलंच, शिरेतून बाहेर झिरपलं तर आजूबाजूचं मांस जाळतं. आणि ते झिरपतंय हे सगळ्यात आधी कोणाला कळतं तर पेशंटला, सुईपाशी चुरचुरतं, आग होते, दाटल्यासारखं वाटतं. आता तू विचार कर, ज्या यंत्राचं कामच आहे दुखणं जाणवू न देणं, ते लावून आपण तिला बसवतोय! तसंच काही औषधांची रिअ‍ॅक्शन येते, पॅक्लिटॅक्सेलची तर बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या डोसलाच आणि सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच, छाती भरून येणं, चेहरा लाल होणं, आणि अर्धा चेहरा आपण झाकून ठेवलेला. म्हणून आधी सिस्टरला विचारायचं कुठलं औषध कधी चढणार, कुठल्या वेळात हेडसेट चालेल, आणि त्या नको म्हणाल्या त्या वेळात काढून ठेवायचा. पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी) असेल तर थोडं निर्धास्त, पण तेव्हाही तू शेजारी बसून हात, पोर्टची जागा, चेहरा यांच्यावर नजर ठेवायची. दर दहा मिनिटांनी "हाताला काही होतंय का" विचारायचं. आवाज बारीक ठेवा म्हणजे तिला तुझं ऐकू येईल. आणि कोणीही अंगाला हात लावण्याआधी आवाज द्यायचा, "आई, मी आहे, सिस्टर बीपी घेतायत", नाहीतर ती दचकेल आणि सुई हलेल.

ऑन्कॉलॉजिस्टना पण एक शब्द विचारून घ्या. फिट येण्याचा इतिहास, मेंदूपर्यंत गेलेला आजार, चक्कर येण्याचा जुना त्रास, नुकतं डोळ्याचं ऑपरेशन, पेसमेकर, यातलं काही असलं तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही.

बाकी बारीकसारीक पटापट सांगते. हेडसेट साधारण अर्धा किलोचा असतो, आपल्याला काही वाटत नाही पण केस गेलेल्या टाळूला पट्टा रुततो, खाली मऊ सुती टोपी घालू दे, आणि मान मागे टेकलेली हवी. कीमोच्या वेळी डोकं थंड ठेवणारी कोल्ड कॅप घेत असाल तर दोन्ही एकदम जमणं कठीण आहे. चष्मा असेल तर आत बसतो का बघा. तोंडाला लागतो तो स्पंजाचा भाग घाम पितो आणि तिच्या रक्तातल्या पेशींचे काउंट खाली असताना तो सगळ्यांनी वापरलेला स्पंज तिच्या चेहऱ्याला नको, त्यावर सिलिकॉनचं कव्हर मिळतं ते लावा, दरवेळी पुसा, आणि भिंगांना मात्र सॅनिटायझर लावू नका, ती खराब होतात, कोरड्या मऊ कापडाने पुसायची. तिच्या कीमोच्या दिवसांत तो हेडसेट तिचा एकटीचा, भाच्याला गेम खेळायला नाही. सुई ज्या हाताला आहे त्या हातात कंट्रोलर द्यायचा नाही, नुसतं बघायचं असलं की कंट्रोलर लागतही नाही फारसा.

आणि दाखवायचं काय, तर इथे माझं एक खास मत आहे. भाऊ बहुतेक म्हणेल आईची सगळ्यात लाडकी जागा दाखवू, तिचं लहानपणचं घर वगैरे. कीमोच्या खुर्चीत ते दाखवू नका. १९७८ मध्ये आयलीन बर्नस्टीन यांनी कीमो घेणाऱ्या मुलांना कीमोच्या थोडं आधी एका नव्या चवीचं आइस्क्रीम दिलं होतं, नंतर त्या मुलांना ते आइस्क्रीमच नकोसं झालं. मळमळ औषधाची, आणि आळ गेला आइस्क्रीमवर. कीमो झालेल्या कितीतरी लोकांना त्या वॉर्डचा वास आला तरी पुढे वर्षानुवर्षं पोटात ढवळतं, तेही यातलंच. तुझ्या आईच्या लाडक्या जागेचं असं झालं तर? हे जागेच्या बाबतीत कोणी तपासलंय म्हणून नाही सांगत, माझा आपला सावधपणा आहे, पण खुर्चीसाठी कुठलंही छान, परकं, पुसलं गेलं तरी चालेल असं ठिकाण घ्या. लाडकी जागा घरच्या बऱ्या दिवसासाठी ठेवा. त्यासाठी भावाला कामाला लाव, ३६० अंशांचा कॅमेरा घेऊन जाऊ दे त्याला तिथे, तिपाईवर ठेवून वीस मिनिटं गप्प उभं राहायचं, कॅमेरा हलवायचा नाही, मध्ये मध्ये बोलायचं नाही. त्याला पण काहीतरी करायचंय गं, म्हणून तर तो धावत जाऊन डबडं घेऊन आला. पुरुषमाणसं घाबरली की वस्तू आणतात, माझ्या घरात पण हेच आहे.

आता राहिली ती थेंबांची गोष्ट. तू लिहिलंयस ती थेंब बघत बसते, आणि तुम्ही दोघांनी धरून चाललात की ती कंटाळलीये किंवा घाबरलीये. विचारलंत का तिला? सुझॅन मिलर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी लोकांचे दोन स्वभाव सांगितलेत, संकट आलं की काही जण नजर दुसरीकडे वळवतात आणि काही जण त्याच्यावरच नजर रोखून बसतात, कारण लक्ष ठेवलं की त्यांना बरं वाटतं. तुझी आई दुसऱ्या जातीची असू शकते. पहारा देतेय ती. अशा बाईला बर्फ आणि पेंग्विन दाखवणं म्हणजे पहारेकऱ्याला डोळे मीट सांगणं. ती अशीच असेल तर व्हीआरचा वेगळा उपयोग आहे, पुढे रेडिएशन ठरलं तर ती खोली, ते मशीन कसं फिरतं, आपण कुठे झोपायचं हे सगळं आधीच दाखवणारे व्हीआर कार्यक्रम काही सेंटरमध्ये असतात, इंग्लंडमध्ये हल इथे तयार झालेला व्हर्ट नावाचा असाच एक आहे, शिकाऊ स्टाफसाठी बनवलेला पण पेशंटना समजवायला पण वापरतात. तुमच्या सेंटरला विचारून ठेव. तिला बहुतेक तेच आवडेल.

आणि ती खरंच घाबरलेली निघाली, झोप नाही, रडू येतंय, जेवण तुटलंय, तर मग हे हेडसेटचं काम नाही. शून्य ते दहा मध्ये मनाचा त्रास किती असं विचारायची एक साधी पट्टी असते कॅन्सर विभागात, चार किंवा वर आकडा सांगितला तर डॉक्टरांच्या कानावर घालायचं, तिथे काउन्सेलर असतात, औषधं असतात. पेंग्विनवर भागवायचं नाही.

तर पुढच्या सायकलआधी असं कर. भावाला सांग हेडसेट टेबलावर ठेव आणि स्वतः लावून बस, तिच्यासमोर, काहीतरी बावळट चेहरे करत. फोनवर कास्ट करता येतं, म्हणजे तो आत काय बघतोय ते तिला फोनवर दिसेल. हसेल तरी. मग एखाद दिवशी ती स्वतःच म्हणेल "आण बघू", किंवा नाही म्हणणार. म्हणाली तर लावायचा तिने, काढायचा तिने, बघायचं काय ते तिने ठरवायचं, आणि आत एकटीला राहायचं असेल तर कास्टिंग पण बंद. नाही म्हणाली तर टॅबलेट आहेच, तो नको असला की सहज बाजूला ठेवता येतो आणि सुईही दिसत राहते.

आणि टॅबलेटलाही नाही म्हणाली, परत थेंबच बघत बसली, तर खुर्ची थोडी पुढे ओढ आणि विचार तिला, किती झाले गं?